घराभोवतीची बाग नव्याने आखताना: गोव्यातल्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

गोव्यात बाग नव्याने करायची म्हटले की पावले आधी रोपवाटिकेकडे वळतात. या पानावरची बहुतेक उत्तरे मात्र त्याच्या आधीच्या कामाबद्दल आहेत. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मि.मी.च्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पुढचे महिने जमीन तापत, तडकत जाते. एवढे पाणी आणि एवढा कोरडेपणा एकाच अंगणाला सोसावा लागतो. म्हणून पाणी कुठून येते, कुठे तुंबते आणि कुठून बाहेर जाते हे ठरल्याशिवाय एकही झाड लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

कामाला सुरुवात कधी करावी?

पाऊस ओसरला की लगेच. दसरा-दिवाळीच्या सुमारास जमीन अजून ओलसर असते, कुदळ नीट चालते आणि पावसाने काय काय बिघडवले त्याच्या खुणा ताज्या असतात. तुळशीच्या लग्नापर्यंत मोजमाप आणि आराखडा पुरा करावा. डिसेंबर ते मार्च हे गवंडीकामाचे महिने: चर, टाकी, कुंपण, पायवाटा. त्याच काळात एका उन्हाच्या वाफ्यात तांबडी भाजी, मुळा, वाल, मिरची अशी वायंगणी (हिवाळी) भाजी घेता येते, म्हणजे काम चालू असतानाही घरात काहीतरी येत राहते. एप्रिलमध्ये खड्डे खणायचे, मेमध्ये ते उन्हात तापू द्यायचे आणि महिनाअखेरीस भरून ठेवायचे. मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. दोन-चार दिवसांची उघडीप देऊन तो स्थिरावला की लागवड.

जुलैत नवे काही लावू नका. तेव्हा रोपांना काठ्यांचा आधार देणे, आळ्यात तुंबलेले पाणी काढून देणे आणि तण उपटणे एवढेच काम पुरते.

बरेच लोक एप्रिलमध्ये जागे होतात. तोपर्यंत गावातला प्रत्येक गवंडी आणि कामेरी कुणाची तरी कौले परतायला, छपरे दुरुस्त करायला गुंतलेला असतो. मग घाईत मिळेल त्या माणसाकडून चर मारून घेतला जातो आणि त्याचा उतार उलटा पडतो.

सगळी बाग एकाच वर्षात होईल का?

नाही, आणि व्हायलाही नको. आराखडा सगळ्या जागेचा एकदाच करा, पण पहिल्या वर्षी पाण्याची व्यवस्था, वाटा आणि मोठी झाडे एवढेच हातात घ्या. मोठ्या झाडाला वाढायला वर्षे लागतात, म्हणून ते आधी. झुडपे, वेली, वाफे दुसऱ्या वर्षी आले तरी काही बिघडत नाही. पहिल्या पावसात आराखड्यातले काही ना काही चुकीचे ठरतेच, आणि ते सुधारायला मोकळी जागा हाताशी लागते.

आराखड्यात नेमके काय काढायचे?

ग्राफ पेपर घ्या आणि १ सें.मी. म्हणजे १ मीटर असे प्रमाण धरा. सर्व्हे प्लॅनची प्रत असेल तर हद्द त्यावरून उतरवा. मग घर, विहीर, सेप्टिक टँक आणि त्याचा शोषखड्डा, नळाचे पाइप, विजेच्या तारा, असलेले प्रत्येक झाड, शेजाऱ्यांच्या ज्या झाडांची सावली तुमच्याकडे पडते तीही. झाडाचे खोड ठिपक्याने दाखवा आणि फांद्यांचा पसारा वर्तुळाने. बहुतेक जणांना हे वर्तुळ पाहूनच कळते की आपल्याकडे ऊन किती कमी उरले आहे.

उन्हाबद्दल आपल्याकडची एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरमध्ये सूर्य दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो आणि घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला ऊन लागत नाही. पण मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो दुपारी आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे डिसेंबरात थंड, ओलसर वाटणारा उत्तरेचा कोपरा मेच्या दुपारी चांगलाच भाजतो. तिथे सावलीचा म्हणून लावलेला अळू किंवा नेचा मेमध्ये करपतो तो यामुळे. हिवाळ्यात आराखडा करताना हा फरक कागदावर लिहून ठेवा.

शेवटी माणसांच्या वाटा. कपडे वाळत घालायला कोण कुठून जाते, स्कूटर कुठे लागते, सिलिंडर कुठून येतो, माडावर पाडेली चढला की नारळ कुठे पडतात. नारळ पडणाऱ्या जागी गुलाबाचे वाफे करणाऱ्यांची मला काळजी वाटते.

आणि घरात आजी असतील तर त्यांना कागद घेऊन बसा. जुनी गडगी कुठून जात होती, कोणत्या कोपऱ्यात पाणी कधीच आटत नव्हते, फणस कोणत्या वर्षी लावला, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

पाण्याचा अंदाज कसा घ्यायचा?

डोळ्यांनी. जुलैतल्या एखाद्या दुपारी सर जोरात असताना व्हरांड्यात उभे राहा. पागोळ्या पडतात तिथे मातीत एक लांब चर पडलेला असतो, त्याच्या कडेला बारीक खडे उघडे पडलेले. तिथून पाणी कोणत्या बाजूला वळते, तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी किती वेळ थांबते आणि कुंपणाच्या कोणत्या भोकातून लाल होऊन बाहेर पळते ते पाहा. ते लाल पाणी म्हणजे तुमच्या बागेची वरची, सकस माती. छत्री घेऊन बाहेर जा आणि वळणांवर बांबूच्या काठ्या ठोकून या. हिवाळ्यात आराखडा काढाल तेव्हा त्याच काठ्या उपयोगी पडतील.

पावसाळा हुकला असेल तरी खुणा राहतात. जोत्यावर उडालेल्या लाल चिखलाची उंची, भिंतीच्या पायथ्याशी शेवाळाची रेघ, पाचोळा एकाच ठिकाणी साचलेला. ऑक्टोबरात हे सगळे दिसते.

आता आकड्यांत. १ चौ.मी. छपरावर १ मि.मी. पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. तुमचे छप्पर १०० चौ.मी. असेल तर वर्षाला त्यावरून साधारण ३ लाख लिटर पाणी घरंगळते. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २४ तासांत ११५.६ मि.मी.पासून पुढचा पाऊस ‘अति मुसळधार’. अशा एका दिवसात त्याच छपरावरून साडेअकरा हजार लिटरहून जास्त पाणी अंगणात येते, वर थेट अंगणात पडणारे वेगळे. जमिनीला ते एकदम पिता येत नाही. त्याला वाट द्यावीच लागते.

म्हणून पागोळ्यांखाली खडीचा किंवा फुटक्या चिऱ्यांचा दोन-अडीच फुटांचा पट्टा घाला. त्याने माती उधळत नाही आणि जोते कोरडे राहते. त्याच्या पुढे चर, १ मीटरला निदान १ सें.मी. उतार असलेला. चराचे तोंड शेजाऱ्याच्या भाटात (बागायतीत) सोडू नका, त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलणी बंद झालेली घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत. जागा उताराची असेल तर उताराला आडवे छोटे बांध घाला आणि त्यांवर वाळा किंवा गवती चहा लावा. दोन्हींची मुळे माती घट्ट धरतात, चहाचीही सोय होते.

छपराचे पाणी विहिरीत किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडायचे असेल तर मध्ये वाळू-खडीची गाळणी हवी, आणि पहिल्या काही सरींचे धुळीचे पाणी बाहेर काढायची सोय हवी.

आमची जमीन जांभ्याची आहे. दोन फुटांवर खडक लागतो. झाडे होतील का?

होतात, पण खड्डा मोठा लागतो. माडासाठी साध्या मातीत १ मीटर लांब, रुंद, खोल खड्डा पुरतो. कडक जांभ्यात तो १.२ मीटरपर्यंत न्यावा. जांभा मऊ व्हावा म्हणून लागवडीच्या सहा महिने आधी खड्ड्यात २ किलो जाडे मीठ घालण्याची शिफारस माडासाठी आहे, म्हणजे असा खड्डा एप्रिलची वाट न पाहता डिसेंबरातच खणावा लागतो. ती माडासाठीच हे लक्षात ठेवा, आंबा-चिकूच्या खड्ड्यात मीठ ओतू नका. खड्डा भरताना तळाला सोडणांचा (नारळाच्या सालींचा) थर घाला, सोडणाची पोकळ बाजू वर करून. पावसाचे पाणी त्यात टिकते आणि उन्हाळ्यात मुळांना मिळते. वर कुजलेले शेणखत आणि वरची माती.

आपल्या जांभ्याच्या माती बहुतेक आम्लधर्मी असतात. त्यामुळे चुना घालावा लागतो, पण किती ते माती तपासून घेतल्यावरच. कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात नमुना कसा घ्यायचा तेही समजावून सांगतात. झाडाच्या बुंध्याजवळची किंवा खत टाकलेल्या जागेची माती नमुन्यात घेऊ नका.

निचरा पाहायचा एक सोपा उपाय: दोन फूट खोल खड्डा खणा, काठोकाठ पाणी भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या भरण्याचे पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही उभे असेल तर तिथे पपई, आंबा, लिंबू लावू नका. पपई तर पाणी तुंबले की काही दिवसांत मान टाकते. अशा जागी अळू, कर्दळ, केवडा खुशाल राहतात.

किनाऱ्यालगत किंवा खाजनाजवळ (खाडीलगतच्या सखल खाऱ्या जमिनीजवळ) घर असेल तर प्रश्न खाऱ्या वाऱ्याचा असतो. समुद्राच्या बाजूला उंडी, करंज, माड यांची भिंत उभी करा आणि नाजूक झाडे त्यांच्या आडोशाला न्या.

परवानग्या कुठल्या लागतात?

हे आधी तपासा, नंतर पस्तावण्यात अर्थ नाही. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. स्वतःच्या जागेतले झाड तोडायलाही वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. विहीर खणणे किंवा बोअर मारणे २००२ च्या भूजल नियमन कायद्याखाली येते, त्यासाठी जलस्रोत खात्याकडे अर्ज करावा लागतो. डोंगर कापणे आणि सखल जमीन भराव घालून उंच करणे यावर नगर आणि ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली बंधन आहे. मागच्या टेकडीचा थोडा भाग सपाट करून पायऱ्या-पायऱ्यांची बाग करू, असे मनात असेल तर जेसीबी बोलावण्याआधी हे कलम वाचून घ्या. कुंपणाच्या भिंतीसाठी पंचायतीत किंवा पालिकेत जावे लागते.

एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद) काढून त्यावर कोणाकोणाची नावे आहेत तेही पाहा. आपल्याकडे बहुतेक जुन्या घरांच्या जागा चार-पाच भावंडांच्या नावावर असतात. मुंबईतल्या काकांना विचारून घेतले असते तर टळले असते, असे वाद बागेवरूनही होतात. मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची) किंवा शेजाऱ्याची जुनी पायवाट जागेतून जात असेल तर ती आराखड्यात तशीच ठेवा.

छोट्या जागेत कुळागर करता येईल का?

येते, आणि माझ्या मते गोव्यातल्या घराला याहून शोभणारी बाग नाही. फोंडा, सत्तरी, सांगे भागांतल्या कुळागरांत झऱ्याचे पाणी पाटाने फिरते. वर माड आणि सुपारी, त्यांच्यावर चढलेली मिरवेल (काळ्या मिरीची वेल) आणि पानवेल, मध्ये केळी आणि जायफळ, खाली अननस, हळद, आले, सुरण. प्रत्येक झाड आपापल्या उंचीवर ऊन घेते. तुमच्याकडे झरा नसेल, पण ही मांडणी दोन-अडीचशे चौ.मी. जागेतही साधते, फक्त झाडे मोजकी ठेवावी लागतात.

अंतरे सोडू नका. माडाला माडापासून साडेसात मीटर हवेत, सुपारीला साधारण पावणेतीन मीटर. छोट्या जागेत याचा अर्थ दोन माड, आठ-दहा सुपारी, त्यांच्या मध्ये केळी. मिरवेल सुपारीचे खोड पुरेसे जाड झाल्यावरच चढवायची, म्हणजे सुपारी लावल्यावर काही वर्षांनी. सुपारीच्या कोवळ्या खोडाला पश्चिमेचे ऊन चटका देते, म्हणून त्या बाजूला केळीची रांग असू द्या.

भिरंड (कोकम) आणि जायफळ या दोघांचे कलमच घ्या. बियांपासून वाढवलेली बरीच झाडे नर निघतात आणि आठ-दहा वर्षे सांभाळल्यावर कळते की याला फळच धरणार नाही.

मिरवेलीच्या बुंध्याशी जुलैत पाणी थांबले तर वेल काही दिवसांत वाळून जाते. म्हणून तिची जागा नेहमी थोडी उंच, आळे उथळ.

चवथीची माटोळी घरच्याच बागेतून सजवायची आहे. जमेल का?

हा प्रश्न आला की मला मनापासून आनंद होतो. माटोळी म्हणजे गणेश चतुर्थीला (चवथीला) गणपतीच्या वर टांगलेली, फळा-फुलांनी सजवलेली लाकडी चौकट. तिच्यासाठी आखलेली बाग म्हणजे वर्षभराचे वेळापत्रक आपोआप तयार. चवथ कधी ऑगस्टच्या अखेरीस येते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर किंवा त्याही पुढे. आधी पंचांगात पुढची तारीख पाहा आणि तिथून मागे मोजत या.

दोडकी, काकडी, पडवळ पेरल्यापासून दोन-अडीच महिन्यांत फळावर येतात. भोपळ्याला तीन-साडेतीन महिने लागतात. चवथ लवकर असेल तर भोपळ्याचे बी मेच्या मध्यावर, घागरीने पाणी घालून, रुजवावे लागते. चवथ उशिरा असेल तर दोडकी जूनच्या पहिल्या सरींबरोबर न लावता महिनाअखेरीस लावावीत, नाहीतर ऐन चवथीला वेल म्हातारे झालेले असतात. मांडव भक्कम हवा. ऑगस्टमध्ये पानांवर पाणी साचले की वेलाचे वजन दुप्पट वाटते आणि बारीक काठ्यांचा मांडव एका रात्रीत बसतो. बांबू किंवा सुपारीच्या खोडाच्या फाळ्या वापरा, आणि काकडी लोंबती राहील एवढी उंची ठेवा. जमिनीला टेकलेली काकडी खालून पिवळी पडते, माटोळीला ती बरी दिसत नाही.

केळीचा घड लागवडीपासून सुमारे वर्षाने हाती येतो. म्हणून या चवथीच्या आसपास मोनवे (पिल्ले) लावले तर ते पुढच्या चवथीला उपयोगी पडतात. दोन आठवड्यांच्या अंतराने तीन-चार कंद लावा, त्यातला एखादा घड नेमका वेळेवर तयार असतो. सुपारीचे शिपटे, नारळांची पेंड आणि तोरंजन (मोठे लिंबूवर्गीय फळ) यांना वर्षे लागतात, पण झाड एकदा लागले की पुढच्या पिढीचीही सोय होते. तोरंजनाला उन्हाचा आणि निचऱ्याचा कोपरा द्या.

माटोळीत रानातल्या कितीतरी वस्तू बांधतात: कांगले, घागऱ्यो, कवंडळे. यातल्या काही तुम्ही कुंपणाच्या कडेने वाढवू शकता. रानातून रोपे उपटून आणू नका. पिकलेल्या फळाचे बी आणून रुजवा. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत जी विविधता दिसते ती रान टिकले तरच टिकणार आहे.

दूर्वांसाठी दोन हातांएवढी जागा पूर्ण उन्हात, निचऱ्याची ठेवा. सावलीत त्या लांबट आणि फिकट होतात.

फुलझाडे कोणती लावावीत?

अबोली आधी. अर्धवट ऊन, निचऱ्याची माती आणि वेळच्या वेळी बोंडे खुडणे, एवढ्यावर ती वर्षभर फुलते. जाई पावसाळ्यात बहरते, म्हणूनच मार्दोळच्या महालसेची जायांची पूजा पावसाळ्यात होते. जाईला मांडव आणि सकाळचे ऊन द्या. मोगरा उलट उन्हाळ्याचा. थंडीत त्याची छाटणी करून काही दिवस पाणी तोडले की मार्चपासून कळ्या धरतात. जागा मोठी असेल तर सोनचाफ्याचे कलम आणि ओवळ (बकुळ). सुरंगीचा मोह सगळ्यांनाच होतो. तिचा वास येऊ लागला की फेब्रुवारी-मार्चात दारावरून जाणारा माणूस थांबतो. पण ती मोठी होते आणि फार सावकाश वाढते, त्यामुळे ती नातवंडांसाठी लावायची.

जास्वंदीवर पांढरे पिठ्या ढेकूण आले तर आधी तो शेंडा कापून जाळा, मग औषधाचा विचार करा.

तुळस जुलैच्या संततधारेत मुळाशी कुजते. मेमध्ये मंजिऱ्यांचे बी काढून ठेवा, ऑगस्टमध्ये आडोशाला रोपे करा, म्हणजे लग्नापर्यंत वृंदावनात ताजी तुळस उभी असते. पाऊस गेल्यावर अंगण चोपून सारवायचे असेल तर तुळशीच्या समोरची जागा फरशीशिवाय मोकळी सोडा.

हिरवे लॉन हवे आहे.

माझा सल्ला नको असा आहे. जून-जुलैत त्यात शेवाळ आणि तण माजते, एप्रिल-मेमध्ये ते जगवायला विहीर उपसावी लागते. त्याऐवजी चिऱ्यांच्या मध्ये बोटभर फटी सोडून अंगण करा, फटींत दूर्वा किंवा रान-भुईमूग पसरू द्या. पाणी जिरते आणि पायही घसरत नाहीत. गुळगुळीत फरशी बाहेर कुठेच घालू नका.

घराजवळचा जुना माड पाडावा का?

माडाची मुळे तंतुमय असतात, ती पाया फोडत नाहीत. भीती चुडत्यांची आणि नारळांची. चुडते चार-पाच मीटर लांब असते, म्हणून नवा माड छपरापासून निदान तेवढा लांब लावा. जुना असेल तर वर्षातून दोन-तीनदा पाडेलीकडून वाळकी चुडते आणि नारळ उतरवून घ्या, एकदा मेच्या अखेरीस नक्की. छपरावर कललेला, पोखरलेला माड ही गोष्ट वेगळी, त्यासाठी रीतसर अर्ज करा.

नवे माड लावले की गेंड्या भुंगा येतो. तो शेंड्यातले कोवळे पान आतल्या आत खातो, आणि पान उघडले की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसतात. भुंग्याची पैदास शेणखताच्या ढिगात होते. म्हणून खताचा खड्डा माडांपासून दूर ठेवा, अधूनमधून उलथा आणि पांढऱ्या जाड अळ्या वेचून काढा. लहान माडाच्या शेंड्याजवळच्या पानांच्या बेचक्यात डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घातली की भुंगा दूर राहतो.

उन्हाळ्यात पाणी पुरवायचे कसे?

आधी विहिरीचा अंदाज घ्या. एप्रिलच्या अखेरीस पाणी सर्वांत खाली जाते त्या ठिकाणी आतल्या चिऱ्यावर रंगाची रेघ मारा. त्या रेघेवरून ठरवा बाग किती मोठी करायची ते. नळाच्या पाण्यावर बाग आखू नका. न्हाणीघराचे आणि स्वयंपाकघराचे पाणी केळी व अळूकडे वळवा, वॉशिंग मशीनचे साबणाचे पाणी मात्र भाजीवर नको. नव्या झाडांना ठिबक आणि आळ्यात वाळक्या पाचोळ्याचा जाड थर. पाचोळा जाळण्याची सवय गावोगावी आहे. हा पाचोळा जाळू नका, आळ्यात घाला.

उघड्या टाकीला झाकण किंवा बारीक जाळी हवीच, डास होतात. कमळाची कुंडी ठेवायची असेल तर तिच्यात गप्पी मासे सोडा.

खर्च कुठे करावा, कुठे वाचवावा?

चर, टाकी, गवंडीकाम यांवर हात आखडू नका. रोपांवर वाचवा. शेजारच्या आवारातून अबोलीच्या फांद्या, केळीचे कंद, अननसाचे शेंडे, हळदीच्या कुड्या फुकट मिळतात, आणि त्या इथल्या मातीला सरावलेल्या असतात.

चांगली रोपे आणि बियाणे कुठून आणावीत?

फळझाडांची कलमे कृषी खात्याच्या फार्मवरून किंवा जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतून घ्या. दोन्हीकडे आगाऊ चौकशी केलेली बरी, जूनमध्ये गर्दी असते. भाजीच्या गावठी बियांसाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. सात शिरांची भेंडी, आगशीची वांगी, खोल्याची आणि हरमलची मिरची, मयड्याची केळी, मानकुराद आंबा ही आपली नावे आहेत, त्यातल्या निदान दोन तुमच्या बागेत असाव्यात. मानकुरादचे कलम लावताना जोड जमिनीच्या वर राहील हे पाहा आणि जोडाखालून फुटणारे कोंब खुडत राहा.

वानरे आणि खेती (माकडे) काहीच ठेवत नाहीत. काय करावे?

पूर्ण बंदोबस्त होत नाही. हळद, आले, मिरची, लिंबू, सुरण, अबोली यांना ती सहसा हात लावत नाहीत, म्हणून रानाच्या बाजूला हीच लावा. केळीचा घड धरला की गोणपाटात गुंडाळा. भाजीचे वाफे स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवा, तिथे माणसांची ये-जा असते. चिऱ्यांचे आणि सोडणांचे ढीग मात्र घरापासून लांब, त्यात साप बसतात.

आम्ही मुंबईला असतो. घर चवथ आणि मे सोडून बंद असते.

मग माड, आंबा, भिरंड, फणस, ओवळ एवढीच झाडे लावा. पहिली दोन वर्षे पाणी घालणारा माणूस ठरवल्याशिवाय लागवड करू नका. शेजाऱ्याशी बोलून घ्या: तो पाणी घालेल, चर साफ ठेवेल आणि फळांत त्याचा वाटा असेल. हे आधीच स्पष्ट झाले तर कुणाच्या मनात काही राहत नाही. मेमध्ये आलात की छपराच्या पन्हळी आणि चर स्वतः रिकामे करा, पाऊस यायच्या आत. चवथीला आलात की आळी भरा आणि वेलींनी गिळलेली रोपे सोडवा. विहिरीवर जाळी बसवून कुलूप लावा, किल्ली शेजाऱ्याकडे द्या.